पीएम किसानचा हप्ता गावात सगळ्यांना आला, माझाच अडकला. काय तपासू?

आधी पोर्टलवर 'नो युवर स्टेटस'मध्ये नोंदणी क्रमांक टाका. तिथे तीन गोष्टी दिसतात: लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेशी जोडलेली आहे का), ई-केवायसी (ओळखीची ऑनलाइन पडताळणी) आणि आधार-बँक सीडिंग (आधार बँक खात्याशी जोडलंय का). जिथे 'नो' आहे, तिथेच घोडं अडलंय.

ई-केवायसी सर्वांत सोपी. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने घरबसल्या होते, नाहीतर सीएससीत (सामायिक सेवा केंद्रात) अंगठा द्यायचा. लँड सीडिंग 'नो' असेल तर ताजा सातबारा, आठ-अ आणि आधारची झेरॉक्स घेऊन तालुका कृषी कार्यालय गाठा. १ फेब्रुवारी २०१९ नंतर खरेदीने नावावर आलेली जमीन चालत नाही. वारसाने आलेली चालते, मात्र फेरफार हवा.

खरा घोळ बँकेत होतो. पासबुकाला आधार जोडलंय म्हणजे डीबीटी (सरकारी पैसे थेट खात्यात येणं) सुरू आहे असं नाही. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर येतात आणि शेवटी ज्या बँकेत आधार सीड केलं तिथेच पडतात. मध्यंतरी दुसऱ्या योजनेसाठी पोस्टात खातं उघडलं असेल तर २००० रुपये तिकडे जमा असू शकतात! 'माय आधार' संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' पाहा, बँक कळते. बदलायची असेल तर हव्या त्या बँकेत डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म भरा.

राज्याचा नमो शेतकरी हप्ताही याच यादीवर मिळतो, त्यामुळे इथे अडलं की तोही अडतो.