चौघांची हरकत

प्रिय मित्रास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुमच्या स्वयंसेवी प्रकल्पातील चर्चेत अकरा जण प्रस्तावाच्या बाजूने आणि अवघे चार विरोधात असताना, तिचा समारोप करणाऱ्या सदस्याने ‘सहमती झालेली नाही’ असे का लिहिले, हा तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्यामागचा संतापही मला समजतो. परंतु त्या चौघांची हरकत नेमकी काय होती आणि अकरांपैकी कोणी तिला उत्तर दिले का, हे तू लिहिलेले नाहीस. माझ्या मते सारा निकाल तिथेच आहे.

इंटरनेटची तांत्रिक मानके तयार करणाऱ्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्समध्ये निर्णय मतमोजणीने होत नाहीत. राजे, अध्यक्ष आणि मतदान आम्ही नाकारतो, ढोबळ सहमती आणि प्रत्यक्ष चालणारा संगणकीय कोड यांवर आमचा विश्वास आहे, असे तेथील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९९२ मध्ये म्हटले होते. बैठकीत कल अजमावायचा असेल, तर तेथील लोक हात वर करण्याऐवजी मिटल्या ओठांनी हुंकार देतात, कारण हात मोजता येतात आणि एकदा आकडा हाती आला की कारणे ऐकण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. त्याच संस्थेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका टिपणात तर असे म्हटले आहे की, शंभर जण बाजूने आणि पाच विरोधात असूनही सहमती नसू शकते, आणि पाच बाजूने व शंभर विरोधात असूनही ती असू शकते. हे प्रथम वाचले तेव्हा मलाही विचित्र वाटले होते. पण शंभर जण एकाच हरकतीची पुनरुक्ती करत असतील आणि तिला समाधानकारक उत्तर आधीच मिळालेले असेल, तर ती हरकत एकच राहते. उलट एकट्या माणसाने दाखवलेला दोष खरा असेल, तर बाकीच्यांच्या संख्येने तो नाहीसा होत नाही. हरकत मान्यच केली पाहिजे असे नाही. तिचा विचार झाला आणि ती का बाजूला ठेवली याचे कारण दिले गेले, एवढे मात्र झालेच पाहिजे.

हा नियम हरकत घेणाऱ्यालाही बांधतो. अपाची या संस्थेच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांत कोडमधील बदल एक सदस्यही नकाराधिकाराने अडवू शकतो, पण तांत्रिक कारण दिले नाही तर तो नकार ग्राह्य धरला जात नाही. त्या चौघांकडे कारण मागण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

मतदान निषिद्ध आहे, असे मी म्हणत नाही. डेबियन या स्वयंसेवकांच्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात २०१४ साली संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ प्रणालीवरून वाद झाला, तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. निर्णय झाला, वाद मात्र शमला नाही. त्याच वर्षाअखेरीस काही असंतुष्टांनी देवुआन नावाचा वेगळा प्रकल्प काढून आपली वाट धरली. स्वयंसेवकाला पगार बांधून ठेवत नाही. ज्याचे ऐकून घेतले गेले नाही तो निमूटपणे निघून जातो, आणि त्याचे काम करायला मागे कोणी उरत नाही.

मी स्वतः ही चूक केली आहे. एका चर्चेचा समारोप करताना मी डोकी मोजली आणि एका नवख्या सदस्याचा आक्षेप एका ओळीत निकालात काढला. काही महिन्यांनी नेमकी तीच अडचण उभी राहिली आणि आम्हाला सारे पुन्हा उलगडावे लागले. तोवर तो सदस्य निघून गेला होता. त्याची क्षमा मागायची माझ्याकडून राहून गेली, याची खंत अजून आहे.

म्हणून आता पाठिंबा गोळा करण्याच्या मागे लागू नकोस. आपल्या मताच्या ओळखीच्या लोकांना बोलावून आणण्याला इंग्रजी विकिपीडियावर गैरवर्तन मानतात, आणि ते योग्यच आहे. घाईही करू नकोस. तिथे मोठ्या प्रश्नांवरील चर्चा साधारण ३० दिवस खुली ठेवतात, कारण कोणी रोज येतो, तर कोणी आठवड्यातून एकदाच. या अवधीत प्रस्तावाचे तुकडे करून पाहा. चौघांचा विरोध बहुधा संपूर्ण प्रस्तावाला नसून त्यातील एखाद्या कलमाला असेल, आणि कोणता बदल केला तर तो चालवून घेता येईल, असे विचारले तर तेच तुला ते कलम दाखवतील.

पुढच्या पत्रात त्यांची हरकत तुझ्या शब्दांत लिहून पाठव. मात्र तो मजकूर आधी त्यांना दाखव, आणि ‘होय, आमचे म्हणणे हेच आहे’ असे ते म्हणाले, तरच मला पाठव.

तुझा हितचिंतक