शास्त्रात कुठं लिहिलंय?

प्रिय बाळा,

रविवारी चर्चमधून परतताना तू गाडीत विचारलंस, "बाबा, आजी जे जे करायची त्यातलं बायबलमध्ये किती आहे?" मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न आला, "मग आजी चुकीचं करत होती का?" युथ ग्रुपच्या दादानं तुम्हाला मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचून दाखवला होता. देवाची आज्ञा सोडून माणसांच्या परंपरेला चिकटू नका, असं त्यात आहे. २५ डिसेंबर, तीन राजे, ईस्टरआधीचे लेंटचे, म्हणजे उपवासाचे चाळीस दिवस, यातलं काहीच शास्त्रात सांगितलेलं नाही, असंही तो म्हणाला. मी "घरी जाऊन बोलू" म्हणालो आणि घरी आल्यावर बोललो नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसरा प्रश्न मात्र लागला.

तू मराठी सावकाश वाचतेस, तरी मराठीतच लिहितोय. आजीबद्दल मला इंग्रजीत लिहिता येत नाही.

दादाचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. पण त्यातलं तीन राजांचं मी पहिल्यांदा इथं मेलबर्नला नाही, सोलापुरात ऐकलं, तेही आजीच्याच तोंडून.

आमच्या चर्चमधलं संडे स्कूलचं नाताळचं नाटक आजी बसवायची. मेंढपाळ व्हायला पैसे लागायचे नाहीत. घरोघरी सोलापुरी चादरी होत्याच, आजोबा तर गिरणीतच होते. चादर अंगावर घेतली, हातात काठी दिली की झाला मेंढपाळ. मी नऊ वर्षांचा असताना मुलं जास्त झाली आणि पाच जण कामावाचून उरले. आजीनं पाचही जणांना मागी केलं, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक, ज्यांना तीन राजे म्हणतात ते. रेल्वेकाका तेव्हा कमिटीत होते. तालमीला आले आणि म्हणाले, "वहिनी, मागी तीन असतात. कुठल्याही चित्रात बघा." आजीनं मत्तयाचा दुसरा अध्याय उघडून त्यांच्यापुढं ठेवला. "तीन कुठं लिहिलंय, बोट ठेवून दाखवा." काकांनी चष्मा लावून अध्याय वाचला, परत वाचला. भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस. आणणारे किती होते ते लिहिलेलंच नाही. राजे होते असंही नाही, नुसतं "पूर्वेकडून मागी लोक" एवढंच. काका काही न बोलता पेटी वाजवायला बसले. मी चौथा मागी. माझ्यासाठी भेट उरली नव्हती, म्हणून आजीनं माझ्या हातात घरचा कंदील दिला. रात्रीचा प्रवास, कुणीतरी उजेड धरायला हवा, म्हणाली. त्या कंदिलाच्या काचेचा चटका अजून आठवतो.

आता गंमत बघ. त्याच नाटकात मेंढपाळ आणि मागी गव्हाणीपाशी एकाच वेळी गुडघे टेकायचे. लूकमध्ये मेंढपाळ त्याच रात्री गव्हाणीपाशी जातात. मत्तयात मात्र मागी घरात जातात, आणि हेरोद राजा त्यांच्याकडून कळलेल्या काळाचा हिशोब करून दोन वर्षांपर्यंतची मुलं मारतो. म्हणजे मधे बराच काळ गेलेला असू शकतो. कॉलेजात असताना मी हे मोठ्या तोऱ्यात आजीला सांगितलं. ती शंकरपाळ्या कापत होती. म्हणाली, "ठाऊक आहे मला. पण पोरं दोन वर्षं चादर पांघरून उभी राहतील का?"

तारखेचं म्हणशील तर शुभवर्तमानांत कुठलीच तारीख नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममधल्या इसवी सन ३५४च्या एका पंचांगात आहे, म्हणजे प्रभूनंतर तीनशे वर्षांहून उशिराची. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव पाळतं. पण योहानाचा दहावा अध्याय एकदा वाच. हिवाळा आहे, यरुशलेमेत मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण चालू आहे आणि येशू मंदिरात फिरतो आहे. तो सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, लोकांनी नंतर सुरू केलेला. प्रभू त्या दिवशी तिथं होता. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही. मला मात्र या ओळीचा आधार वाटतो.

आजी प्रार्थनेला डोक्यावर पदर घ्यायची, ते तुला विचित्र वाटायचं. ते शास्त्रात आहे. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. इथं आपल्या चर्चमध्ये कुणी डोकं झाकत नाही आणि तीही देवाला भिणारीच माणसं आहेत. पण आजी पौलाचं ऐकून पदर घ्यायची की सोलापूरच्या सगळ्याच बायका वडीलधाऱ्यांपुढं घ्यायच्या म्हणून, हे मला खरंच सांगता येणार नाही. शेजारच्या पद्मशाली आजीही तसाच पदर घ्यायच्या. त्यांच्याकडून दिवाळीला फराळाचं ताट यायचं, ते आम्ही नाताळात करंज्या भरून परत पाठवायचो. दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या मागून आणून त्यांचीच आमची नाताळची चांदणी व्हायची.

"देव तारी त्याला कोण मारी" हे बायबलातलं वचन आहे, असं आजी शेवटपर्यंत म्हणायची. ते नाही, आपली मराठी म्हण आहे ती. रोमकरांच्या आठव्या अध्यायात तसं काहीसं आहे, देव आपल्या बाजूनं असेल तर आपल्याविरुद्ध कोण, असं. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जिची बाजू मला घेता येत नाही. मला ताप आला की ती मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची, आणि ओवाळताना तोंडानं "हे आमच्या स्वर्गातील पित्या" चालू असायचं. याला वचन नाही. दादा याला चूक म्हणाला तर मी वाद घालणार नाही. फक्त त्या वेळी कपाळाजवळून फिरणारी तिची मूठ आठवते आणि मी पुढं विचार करू शकत नाही.

तुझा प्रश्न लागला तो यामुळं नाही, बाळा. रात्री मी मार्कचा सातवा अध्याय पूर्ण वाचला. दादानं वाचून दाखवलं ते त्यात आहेच. शास्त्री-परुशी, म्हणजे तेव्हाचे यहुदी धर्मपंडित, येशूच्या शिष्यांच्या न धुतलेल्या हातांबद्दल बोलतात, तिथून सुरुवात होते. पण मग प्रभू परंपरेचं उदाहरण कुठलं देतो? मुलगा आईबापाला म्हणतो, तुम्हाला माझ्याकडून जे मिळालं असतं ते मी देवाला अर्पण केलंय. आणि मग आईबापासाठी त्याला काही करावं लागत नाही.

तू तेव्हा पाच वर्षांची होतीस. इथल्या चर्चच्या नव्या हॉलसाठी आपण रक्कम कबूल केली होती. त्या डिसेंबरला सोलापूरची तिकिटं काढली तर ती देता आली नसती. मी आजीला फोनवर सांगितलं, पुढच्या वर्षी नक्की येतो. ती म्हणाली, "देवाच्या कामाला दिलंस, बरं केलंस." फेब्रुवारीत ती गेली. नाताळात तिनं करंज्या केल्या होत्या आणि आपल्या वाटणीच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, हे आत्यानं नंतर सांगितलं.

तो अध्याय मी किती वेळा ऐकला असेल! दर वेळी दुसऱ्या कुणाचे तरी हात डोळ्यांपुढं यायचे.

आजी चुकीचं करत होती का, तर काही ठिकाणी हो, असं मला वाटतं. पण विचारणाऱ्यापुढं ती पुस्तक उघडून ठेवायची. तू विचारलंस ते तिला आवडलं असतं. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात बिरुया गावचे लोक पौलाचं ऐकूनही रोज शास्त्र काढून पडताळून बघत होते, आणि त्यांना चांगलं म्हटलंय. दादालाही विचार. मलाही विचारत जा, मी गप्प बसलो तरी.

यंदा चांदणी लावायची की नाही, ते तू ठरव. मी आग्रह धरणार नाही. कामट्या गॅरेजमध्ये वरच्या फळीवर आहेत, लाल कागद आणावा लागेल.

तुझा,
बाबा