सिंगल माल्ट व्हिस्की की पॉट स्टिल व्हिस्की? फरक जिभेवर असा ओळखा
दोन्ही पॉट स्टिलमध्येच, म्हणजे तांब्याच्या हंड्यासारख्या भट्टीतच गाळतात, म्हणून नावावर जाऊ नका. फरक धान्यात आहे. सिंगल माल्टमध्ये फक्त मोड आणलेली बार्ली. आयरिश सिंगल पॉट स्टिलमध्ये मोड आणलेली आणि कच्ची, दोन्ही किमान 30-30 टक्के. जिभेवर सायीसारखा दाटपणा आणि मसालेदार झणका येतो तो या कच्च्या बार्लीमुळे.

रेडब्रेस्ट 12 (सिंगल पॉट स्टिल) आणि बुशमिल्स 10 (सिंगल माल्ट) शेजारी ठेवा. दोन्ही तीनदा गाळलेल्या, बर्बन आणि शेरीच्या पिंपांत मुरलेल्या, त्यामुळे धान्याचा फरक स्वच्छ कळतो. पीटवाली, म्हणजे दलदलीतल्या पीट मातीच्या धुरावर बार्ली वाळवून केलेली, नकोच, धूर सगळं झाकून टाकतो.

निमुळत्या ग्लासात 15 मिली, बर्फ नाही. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. पहिला घोट जीभ सरावण्यापुरताच. मत दुसऱ्यावर बनवा. मग दोन्हींत पाण्याचे चार-चार थेंब.