मणक्यातला पस आणि तोंडातून सुई

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बाबांच्या एमआरआयमध्ये डी८-डी९च्या (छातीच्या आठव्या-नवव्या मणक्यांमधल्या) चकतीत इन्फेक्शन आहे, मणक्यासमोर पस आहे, आणि सीटीखाली काढलेल्या बायोप्सीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, काहीच उगवलं नाही. आता डॉक्टर एन्डोस्कोपिक सोनोग्राफीने सुई मारू म्हणतात. दुखणं पाठीत, मग दुर्बीण तोंडातून कशाला, हा तुमचा प्रश्न.

छातीच्या मणक्यांच्या पुढ्यातच अन्ननलिका असते. दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असल्याने पस तिथून जवळ आणि स्पष्ट दिसतो. पाठीकडून जाताना बरगड्या आणि फुप्फुस सांभाळावं लागतं. मात्र पस किंवा सूज मणक्याच्या पुढच्या बाजूलाच हवी. शाबूत हाडात ही सुई शिरत नाही, जंतूंनी पोखरलेल्या जागेतूनच ती चकतीपर्यंत पोचते. एल४-एल५, म्हणजे कमरेतले मणके, असते तर मी सीटीच सुचवली असती. म्हणून एन्डोस्कोपी करणाऱ्यांना नुसता रिपोर्ट देऊ नका, एमआरआयची सीडी दाखवा.

सुई बहुधा २२ गेजची असते, घट्ट पस त्यातून येत नसेल तर १९ची, ती जास्त जाड. शेजारीच महाधमनी असते, म्हणून मारण्याआधी डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर) वाट तपासतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आजच सांगा. स्वतःहून बंद करू नका.

खरा घोळ नमुना हातात आल्यावर होतो. सगळा नमुना फॉर्मॅलिनमध्ये टाकला की कल्चर संपलं, कारण फॉर्मॅलिन जंतूच मारतं. फॉर्मॅलिनमधला तुकडा फक्त हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. कल्चर आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) यांसाठी वेगळ्या निर्जंतुक डब्या, थोडं सलाइन चालतं. वाटणी आधीच ठरवून घ्या: साधं कल्चर, बुरशी, सीबीनॅट, एमजीआयटी (टीबीचे जंतू द्रवात वाढवायचं कल्चर). नागपूरची सरकारी रुग्णालयं, मेडिकल असो की मेयो, सरकारी यंत्रणेत सीबीनॅट मोफत होतं. नागपूरच्या मे महिन्यात डबी गाडीच्या डिक्कीत ठेवून फिरू नका, थेट लॅबमध्ये द्या.

अँटिबायोटिक चालू असेल तर कल्चर कोरं येण्याचं ते मोठं कारण. प्रकृती स्थिर असेल तर ते काही दिवस थांबवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पाय लुळे पडू लागले, लघवी अडली किंवा बीपी घसरलं, तर नमुन्यासाठी थांबायचं नाही, लगेच स्पाइन सर्जन गाठायचा. सुईआधी ब्लड कल्चरचे दोन सेट गेलेत ना, तेही बघा. त्यात स्टॅफ ऑरियस (मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये नेहमी सापडणारा जंतू) आला तर बहुतेकदा सुईची गरजच उरत नाही. घरी शेळ्या-गाई असतील, कच्चं दूध पोटात जात असेल तर ब्रुसेलाची (जनावरांकडून येणाऱ्या जंतूची) तपासणी मागा आणि लॅबलाही तसं सांगा.

सुई अन्ननलिकेतून जाते, त्यामुळे तोंडातले जंतू नमुन्यात मिसळू शकतात. एकाच बाटलीत व्हिरिडन्स स्ट्रेप, म्हणजे तोंडात एरवीही असणारा जंतू, उगवला तर तोच रोग धरू नका, ब्लड कल्चर आणि हिस्टोपॅथॉलॉजीशी ताडून पाहायला सांगा. सीबीनॅट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं होत नाही. एमजीआयटी ४२ दिवस लावून ठेवतात, त्याची पावती फाइलमध्ये वर लावा.