ड्यूक–यूएनसी सामन्यावर तीन हजार डॉलर लावावेत का?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय २८. एनसी स्टेटमधून मास्टर्स केलं, गेल्या ऑक्टोबरपासून एच-१बी व्हिसावर नोकरी, राहायला नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलला. पगार वर्षाला ९५,००० डॉलर, बँकेत शिल्लक ८,००० डॉलर. भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज अजून १८ लाख रुपये आहे, व्याजदर ११ टक्के, सात वर्षं बाकी आणि वडिलांचा नाशिकचा फ्लॅट तारण. ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअर स्टेडियममध्ये होणाऱ्या ड्यूक आणि यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना) या दोन विद्यापीठांच्या बास्केटबॉल सामन्यात यूएनसी जिंकणार यावर त्यांना ३,००० डॉलर लावायचे आहेत. ॲपवर यूएनसीचा भाव +३३० आहे, ड्यूकचा −४३०. म्हणजे जिंकले तर ९,९०० डॉलर नफा, आणि तो थेट कर्जात भरायचा बेत आहे. दोन मित्र प्रत्येकी ५०० डॉलर झेलने (बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) पाठवून यांच्याच खात्यातून लावायला सांगतायत.

उत्तर: ३,००० लावू नका. मित्रांचे पैसे तर तुमच्या खात्यातून अजिबात लावू नका. कारणं आकड्यांत आहेत, ती नीट बघा.

तुमचा मुद्दा असा की या सामन्यात घरचं मैदान आणि क्रमवारी चालत नाही. २०१९ ते २०२५ या सात वर्षांत कॅमेरॉनमध्ये यूएनसी चारदा जिंकलं. हे खरं आहे. पण ते चार सामने एकेक करून आठवा. फेब्रुवारी २०१९ मध्ये ड्यूकचा स्टार खेळाडू झायन विल्यमसनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला, तो गुडघा दुखावून बाहेर गेला आणि यूएनसी ८८–७२ ने जिंकलं. २०२१ चा सामना कोविडच्या काळातला, ज्या गर्दीमुळे कॅमेरॉन अवघड जातं ती गर्दीच तिथे नव्हती. २०२४ मध्ये दोन्ही संघ देशातल्या पहिल्या दहांत होते, त्यामुळे ८४–७९ हा काही चमत्कार नव्हता. खरा धक्का म्हणावा असा निकाल मार्च २०२२ चा, ड्यूकचे प्रशिक्षक 'कोच के' (माइक शशेव्स्की) यांच्या घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यातला ९४–८१. आणि १ फेब्रुवारी २०२५ ला कूपर फ्लॅगच्या ड्यूकने तिथेच ८७–७० ने जिंकून दाखवलं. तो फ्लॅग एकच मोसम खेळून एनबीएत गेला. कॉलेज बास्केटबॉलमध्ये दरवर्षी अर्धाअधिक संघ बदलतो, त्यामुळे जुन्या निकालांवरून यंदाच्या पोरांबद्दल फार थोडं कळतं. आणि जे कळतं ते भाव काढणाऱ्यांनाही ठाऊक असतं. 'या दोघांत काहीही होऊ शकतं' हे गृहीत धरूनच तो +३३० ठरलेला आहे.

आता त्या भावाच्या आत काय आहे ते पाहू. +३३० म्हणजे १०० लावले तर ३३० मिळणार. यातून यूएनसीची शक्यता निघते १०० भागिले ४३०, म्हणजे २३.३ टक्के. −४३० म्हणजे १०० मिळवायला ४३० लावायचे, त्यावरून ड्यूकची निघते ८१.१ टक्के. बेरीज १०४.४. वरचे ४.४ टक्के कंपनीचे. ते काढून टाकले की यूएनसीची शक्यता उरते साधारण २२.३ टक्के. या हिशेबाने तुमच्या ३,००० डॉलरवर सरासरी तोटा १२६ डॉलर. एवढंच असतं तर मी इतकं लिहिलं नसतं.

खरी मोठी कात्री कराची आहे, आणि ॲपवर ती कुठेच दिसत नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर एवढेच एच-१बीचे दिवस धरले गेले असतील, तर त्या वर्षी तुम्ही अनिवासी होतात. यंदा वर्षभर अमेरिकेत राहिलात की करासाठी निवासी ठरता. निवासी माणसाने सट्ट्यात मिळवलेला नफा पगारासारखाच करपात्र. तुम्ही २२ टक्क्यांच्या टप्प्यात आहात, राज्याचा कर सुमारे ४ टक्के. ९,९०० वर जवळपास २,५७४ डॉलर कर जाईल आणि हातात ७,३२६ राहतील. हरलात तर मात्र ३,००० ची वजावट मिळणार नाही, कारण सट्ट्यातला तोटा फक्त आयटमाइझ करणाऱ्यांना, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवणाऱ्यांना वजा करता येतो. तुमच्याकडे घरकर्ज नाही, तुम्ही स्टँडर्ड डिडक्शनच घेणार. म्हणजे जिंकलात तर सरकार वाटेकरी, हरलात तर एकटे तुम्ही.

हे धरून हिशेब पुन्हा मांडा. सरासरी तोटा १२६ वरून साधारण ७०० डॉलरवर जातो, म्हणजे लावलेल्या रकमेच्या २३ टक्के. बरोबरीत सुटायला यूएनसी जिंकण्याची शक्यता २९ टक्क्यांच्या वर हवी, बाजार म्हणतोय २२. हा सात टक्क्यांचा फरक भरून काढण्याइतकी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, जी अजून भावात उतरलेली नाही? दुखापतीची बातमी म्हणाल तर ती तुमच्या ग्रुपवर येईपर्यंत भाव हललेला असतो.

समजा, तुमचा अंदाज बाजारापेक्षा बरोबर आहे आणि यूएनसीची खरी शक्यता ३० टक्के आहे. तरीही किती लावावं याचं एक जुनं सूत्र आहे, केली. करानंतरचा नफा एका डॉलरमागे २.४४ धरला तर त्या सूत्राने निघतं जवळ असलेल्या पैशाच्या १.३ टक्के. आठ हजारांवर ते होतात सुमारे १०७ डॉलर. म्हणजे तुमचंच म्हणणं शंभर टक्के मान्य केलं, तरी ३,००० हा आकडा कुठूनही निघत नाही.

'फॉर्म येत नाही, म्हणजे कर नाही' असं मित्र सांगतात, ते चूक. डब्ल्यू-२जी हा जिंकलेली रक्कम करखात्याला कळवणारा फॉर्म खेळांवरच्या पैजांत तेव्हाच निघतो जेव्हा नफा लावलेल्या रकमेच्या किमान ३०० पट असतो. ३.३ पटीला तो कधीच येणार नाही. तरी रक्कम कर-विवरणातल्या शेड्यूल १ च्या ८बी ओळीत दाखवावीच लागते. पुढे ग्रीन कार्डच्या कागदपत्रांत कर-विवरणं मागितली जाऊ शकतात. तिथे बँकेतली जमा एक आणि विवरण दुसरं, असं व्हायला नको. २०२६ पासून नियम आणखी कडक झालाय: आयटमाइझ केलं तरी तोट्याच्या ९० टक्केच वजा होतात. मोसमभरात १०,००० जिंकले, १०,००० हरले, हाती शून्य, तरी १,००० वर कर.

मित्रांचं. दुसऱ्याच्या वतीने पैज लावणं ॲपच्या अटींत बसत नाही. लक्षात आलं तर खातं गोठवतात आणि आतली रक्कम अडकते. जिंकलात तर सगळा नफा तुमच्या नावावर दिसतो, त्यांच्या वाट्याचा करही तुमच्याकडेच मागितला जाईल. त्यातला एक मित्र अजून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असेल आणि त्याची पाच कॅलेंडर वर्षं पूर्ण झाली नसतील, तर तो अनिवासी. त्याच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, तोट्याची वजावट शून्य. त्याला हे सांगा, कारण त्याला बहुतेक माहीत नसेल.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गोष्ट. तुमचा महिन्याचा खर्च तुम्ही २,६०० डॉलर लिहिलाय. त्यात कर्जाचा हप्ता नाही. १८ लाख, ११ टक्के, ८४ महिने म्हणजे हप्ता सुमारे ३०,८०० रुपये. डॉलर ९० रुपयांना धरला तर ३४२ डॉलर. एकूण महिना २,९५० च्या आसपास. ८,००० मध्ये पावणेतीन महिने निघतात. ३,००० गेले तर उरलेल्या ५,००० मध्ये जेमतेम ५१ दिवस. एच-१बीवर नोकरी गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. म्हणजे ती मुदत संपायच्या आधीच पैसे संपतील, भाड्याचा करार मोडण्याचा दंड आणि परतीचं तिकीट तर वेगळंच. हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए होतं आणि बँक तारणाकडे वळते. तो फ्लॅट तुमच्या आईवडिलांचं राहतं घर आहे. यूएनसी हरण्याची शक्यता ७८ टक्के असताना हा धोका घ्यावा, असं मला कुठल्याही बाजूने वाटत नाही.

मग ३,००० चं काय करायचं? आधी ते तिथेच राहू द्या आणि शिल्लक १२,००० पर्यंत, म्हणजे चार महिन्यांच्या खर्चापर्यंत न्या.

त्याच वेळी ४०१(के) कडे, म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती-बचत खात्याकडे बघा. कंपनी पगाराच्या ५ टक्क्यांपर्यंत तितकेच पैसे घालते आणि तुम्ही ३ टक्केच भरता, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. तुमच्या पत्रातली सगळ्यात महाग ओळ ती आहे. उरलेले २ टक्के म्हणजे वर्षाला १,९०० डॉलर कंपनीकडून, आणि ते घ्यायला कुणी जिंकावं लागत नाही. दर पंधरवड्याच्या पगारातून ७३ डॉलर जास्त कापले जातील, कर वाचल्याने हातातला पगार साधारण ५४ ने कमी होईल. फक्त कंपनीचा वाटा पूर्ण तुमचा व्हायला किती वर्षं लागतात ते एचआरला विचारा. दोन-तीन वर्षांची अट असेल आणि वर्षभरात भारतात परतायचा विचार असेल तर गणित बदलतं.

बारा हजार झाले की वरचे पैसे कर्जात. ११ टक्क्यांच्या कर्जात भरलेले २ लाख ७० हजार (म्हणजे तेच ३,००० डॉलर) पहिल्याच वर्षी सुमारे २९,७०० रुपये व्याज वाचवतात, आणि या वाचलेल्या पैशावर कर नाही. भरताना एक गोष्ट बघा: काही वेळा बँक हप्ता कमी करून देते आणि मुदत तशीच ठेवते. लेखी कळवा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो. कुणी मागितला तर मंजुरीपत्र काढून दाखवा. पैसे अमेरिकेतल्या बँक खात्यातूनच पाठवा, रोख देऊन नको. रोखीने पाठवलेल्या रकमेवर २०२६ पासून १ टक्का कर लागतो.

राहिला सामना. दहा मैलांवरची ही दोन विद्यापीठं, तुम्ही तिथेच राहता, सगळं ऑफिस दोन रंगांत वाटलं जातं. अशा वेळी काहीतरी लावावंसं वाटणं मी समजू शकतो. नॉर्थ कॅरोलिनात मार्च २०२४ पासून २१ वर्षांवरच्यांना परवानाधारक ॲपवर हे कायदेशीर आहे. लावायचेच असतील तर महिन्याच्या करमणुकीच्या पैशातून ५० डॉलर, आणि पैसे भरण्याआधी ॲपमध्ये डिपॉझिटची मर्यादा ५० वर टाका. डेबिट कार्ड वापरा. क्रेडिट कार्डावर बँका याला कॅश ॲडव्हान्स धरतात, शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. पार्लेला (अनेक पैजा जोडून लावलेली एकच पैज) हात लावू नका, कारण प्रत्येक जोडणीत कंपनीचा वाटा पुन्हा कापला जातो. सामना चालू असताना चमकणारं 'कॅश आऊट'चं बटणही तसंच, त्या आकड्यात कंपनीचा वाटा दुसऱ्यांदा घेतलेला असतो. कंपनीकडून बोनस बेट (फुकटची पैज) मिळाली तर लक्षात ठेवा, जिंकल्यावर फक्त नफा हातात येतो, बोनसची मूळ रक्कम नाही.

आणि ५० गेल्यावर 'भरून काढू' म्हणून मर्यादा वाढवावीशी वाटली, तर त्याच ॲपमध्ये स्वतःचं खातं ठरावीक काळासाठी बंद करण्याची सोय असते, ती त्याच रात्री वापरा. मदतीसाठी १-८००-४२६-२५३७ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

४०१(के) चा टक्का बदलण्याचा अर्ज पुढच्या पगाराच्या कटऑफच्या आधी भरा. तो बहुतेक ठिकाणी ऑनलाइनच असतो, आणि एक पगार उशीर झाला तरी कंपनीचे ७३ डॉलर जातात.