मिस्सेला डोक्यावर पदर घ्यावाच लागतो का?

तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळची कामं आवरून लिहायला बसले. लग्न होऊन तू पुण्याहून वसईत आलीस. सासूबाई मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाताना चर्चच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता पदर डोक्यावर घेतात. तुला कधी काही म्हणत नाहीत, पण वळून एकदा बघतात. नणंद म्हणते, व्हॅटिकननं हे केव्हाच बंद केलंय. ऑफिसातली मैत्रीण विचारते, म्हणजे तुमच्यातही घुंगट असतो का? आणि तू विचारतेस, धर्मसभेचा, म्हणजे कॅथलिक चर्चचा, नियम नक्की काय, आणि मी घेतला नाही तर ख्रिस्तप्रसादाचा (मिस्सेत मिळणाऱ्या पवित्र भाकरीचा) अवमान होतो का?

अवमान होत नाही. पाप तर नाहीच. हे आधी मनातून काढून टाक, मग बाकीचं वाच.

नियम एकेकाळी होता. १९१७च्या धर्मसभेच्या कायद्यात, कलम १२६२ मध्ये, पुरुषांनी उपासनेला उघड्या डोक्यानं आणि स्त्रियांनी डोकं झाकून, साध्या शालीन पोशाखात यावं, विशेषतः प्रभूच्या मेजाकडे जाताना, असं लिहिलेलं होतं. १९८३ साली नवा कायदा आला, त्यानं जुना रद्द केला आणि नव्यात हे कलम नाही. त्याच्याही आधी, १५ ऑक्टोबर १९७६ला, स्त्रियांच्या गुरुदीक्षेसंबंधीच्या (स्त्रियांना धर्मगुरू करण्याबद्दलच्या) घोषणापत्रात रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, स्पष्ट म्हटलं होतं की, बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या संत पौलानं सांगितलेलं डोकं झाकणं ही त्या काळच्या रीतीतून आलेली लहानशी शिस्त आहे आणि ती आता बंधनकारक नाही.

तेव्हा तुझी नणंद अर्धी बरोबर आहे. बंधन गेलं, पण बंदी कुणी घातलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (१९६२ ते १९६५ मध्ये झालेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेच्या) सोळा दस्तऐवजांत स्त्रियांच्या डोक्यावरच्या कापडाबद्दल एक शब्द नाही. 'परिषदेनं बंद केलं' हे मी वर्गात पालकांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेल! जुन्या पद्धतीच्या लॅटिन मिस्सेला बायकांनी डोकं झाकावं अशी अपेक्षा असते, पण तिथंही न झाकणं पाप नाही, असं अमेरिकेचे कार्डिनल (वरिष्ठ धर्माधिकारी) बर्क यांनी २०११ मध्ये एका पत्रात सांगितलं होतं, आणि ते काही जुन्या रीतींच्या विरोधातले गृहस्थ नव्हेत.

आता पौलाकडे येऊ, कारण सगळं तिथूनच निघतं. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ११. तू तो पूर्ण वाच, दोन-तीन ओळी नको. करिंथ हे ज्युलियस सीझरनं नव्यानं वसवलेलं रोमन शहर होतं. रोमन पुरुष देवाला बळी देताना आपल्या टोग्याचा (अंगाभोवती गुंडाळायच्या वस्त्राचा) काठ डोक्यावर ओढून घ्यायचे. सम्राट ऑगस्टसचा तसा पुतळा आजही रोममध्ये आहे. अशा शहरात पौल पुरुषांना सांगतो, डोकं उघडं ठेवा. म्हणजे हे फक्त बायकांना उद्देशून नाही. 'पुरुष हा स्त्रीचे मस्तक' हेही तो म्हणतो, ते मी लपवणार नाही. ते वाक्य तिथं आहे आणि वाचताना मलाही टोचतं. पण थोडं पुढे जा: प्रभूमध्ये स्त्री पुरुषावाचून नाही आणि पुरुष स्त्रीवाचून नाही, कारण पुरुषही स्त्रीपासूनच जन्मतो, असंही तो तिथंच लिहितो. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. ज्या बाईनं डोकं झाकावं असं तो म्हणतो, ती गप्प बसलेली बाई नाही. ती सभेत प्रार्थना करणारी आणि संदेश देणारी बाई आहे.

आणि त्याच अध्यायाचा उत्तरार्ध? तिथं पौल खरा चिडलेला आहे. प्रभुभोजनाला जमता तेव्हा एक जण उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना लाजवता, असं तो विचारतो. पदराबद्दल बोलताना आपल्याकडे पहिला अर्धा भाग काढतात आणि दुसरा मिटून ठेवतात. मला यावर बोलायचंय कारण मी ते डोळ्यांनी पाहिलंय.

मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. आमच्या शेजारच्या केळीच्या वाडीत कामाला एक बाई होती, दोन लहान पोरं, नवरा गेलेला. तिच्याकडे रविवारचं असं एकच लुगडं होतं आणि ते इतकं विरलेलं की पदर डोक्यावर घेतला तर खांदा उघडा पडायचा, खांदा झाकला तर डोकं. एका रविवारी ती डोकं न झाकता कम्युनियनच्या, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, रांगेत उभी राहिली. रांग सांभाळणाऱ्या एका माणसानं तिला दंडाला धरून बाजूला केलं, मोठ्यानं काही न बोलता, फक्त स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवून दाखवलं. ती मागे फिरली. मी रांगेत तिच्या पाठीमागे दोन जणी सोडून होते. तिचं तोंड मला आजही दिसतं. त्यानंतर कित्येक महिने ती मिस्सेला आलीच नाही.

माझी आई हे घरी आल्यावर कुणाला बोलली नाही. तिनं पांढऱ्या मांजरपाटाचे चार चौकोन कापले, कडा दुमडून हातानं शिवल्या आणि एका कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं छोटा क्रूस भरला. पुढच्या रविवारपासून ते चार रुमाल तिच्या पिशवीत असायचे, प्रार्थनापुस्तकाच्या खाली, घडी करून. कुणी मुलगी रुमाल विसरली, कुणाचा पदर पुरत नसला, की आई मागून अलगद डोक्यावर ठेवायची आणि स्वतःच्या अंबाड्यातली पिन काढून लावायची. त्या बाईच्या घरी ती स्वतः गेली होती हे मला फार उशिरा, आईच्या वर्षश्राद्धाच्या मिस्सेनंतर, त्या बाईच्याच मुलानं सांगितलं. एक रुमाल त्यांच्या घरात अजून आहे म्हणाला.

म्हणून कुणी मला विचारलं की नियम गेला ते बरं झालं का, तर मी हो म्हणते. ज्या नियमाच्या नावानं एका गरीब विधवेला ख्रिस्ताच्या मेजावरून परत पाठवता येत होतं, तो गेला ते बरंच झालं. आणि तरी मी स्वतः आजही पदर घेते. या दोन्ही गोष्टी माझ्या मनात एकमेकींशी भांडत नाहीत, त्या का भांडत नाहीत तेच तुला सांगायचंय.

आपल्या बायकांच्या डोक्यावरचा पदर रोमच्या कायद्यानं आला नव्हता. तो आधीपासून होता. तिन्हीसांजेला दिवा लावताना, वडीलधारं माणूस दारात आलं की, नमस्कार करताना पदर डोक्यावर घेणं ही या मातीतली रीत आहे, हिंदू घरात आणि आपल्या घरातही. वसईत पोर्तुगीज १५३४ला आले आणि १७३९ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले, पण मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा घेतलेल्या आमच्या बायकांनी लुगडं सोडलं नाही. मग देवासमोर उभं राहताना त्या पदर घेणार नाहीत तर काय करतील? १९१७चा कायदा त्यांना वाचून दाखवायची कुणाला गरजच पडली नाही. आणि तो रद्द झाला हेही माझ्या आजीला कुणी सांगितलं नसावं. तिचा पदर शेवटपर्यंत डोक्यावर होता.

मुंबईत मात्र वेगळं झालं. तिथं फ्रॉक घालणाऱ्या बायकांना पदर नव्हता, त्यांना चर्चसाठी वेगळा स्कार्फ, टोपी किंवा लेसचा वेल लागायचा. १९६४च्या डिसेंबरात पोप सहावे पौल मुंबईला आले होते, आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेला, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानार्थ भरणाऱ्या मेळाव्याला. आईनं मला ओव्हल मैदानावर नेलं होतं. परमगुरुस्वामी मला नीट दिसलेही नाहीत, पण माझ्या उंचीवरून जे दिसत होतं ते अजून डोळ्यांपुढे आहे: बायकांच्या पाठी आणि डोकी, पुढे पुढे पसरलेली. लाल लुगड्याचे पदर, काळ्या जाळीचे वेल, चौकडीचे रुमाल, सिस्टरांची पांढरी शिरोवस्त्रं, आणि मध्येच केरळच्या बायकांच्या शुभ्र, कसबी काठाच्या कवण्या (अंगावरून घ्यायची वस्त्रं). पुढे दहा-पंधरा वर्षांत यातले वेल आणि रुमाल आधी गेले, कारण ते फक्त नियमासाठी होते. पदर टिकला. मग साडीच कमी झाली, मुली पंजाबी ड्रेस आणि जीन्स घालून सकाळच्या लोकलनं नोकरीला जाऊ लागल्या, तेव्हा पदरही गेला. कुणी बंड केलं म्हणून नव्हे. घ्यायला पदर उरला नाही म्हणून.

१९६९ साली भारतीय उपासनेसाठी बारा गोष्टींना रोमची परवानगी मिळाली: पादत्राणं बाहेर काढणं, हात जोडून नमस्कार, आरती, समई वगैरे. त्यात डोक्यावरचा पदर नाही. मला याची खंत वाटायची. आता वाटत नाही. जे आपण आपणहून करत होतो त्याला परवानगी कशाला हवी होती?

आता मैत्रिणीचा प्रश्न. घुंगट तोंडावर ओढतात, सासरच्या पुरुषांनी चेहरा बघू नये म्हणून. मिस्सेतला पदर कुणा माणसासाठी नाही. तिथं तुझे सासरे बसलेत की परका माणूस, यानं काही बदलत नाही. घरी एकटी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना कित्येक जणी तो घेतातच, तिथं बघणारा कोण असतो? पण एक सावधपणा ठेव. ज्या घरात 'पदर घे' हे वाक्य 'गप्प बस' या अर्थानं उच्चारलं जातं, तिथं तो घुंगटच झाला, मग पुढे क्रूस असो की तुळस. तुझ्या सासूबाई बोलत नाहीत, नुसत्या बघतात, यावरून मला तसं वाटत नाही. त्यांना बहुधा तुला काही सांगायचंय आणि कसं सांगावं कळत नाही.

मी पदर घेते तेव्हा माझ्यापुरतं काय होतं, ते सांगते. डोक्यावर कापड आलं की दोन्ही बाजूंची नजर थोडी बंद होते. कोण आलं, कुणी काय नेसलंय, हे दिसत नाही, वेदी दिसते. धर्मगुरू पवित्र भाकर उंच धरतात त्या क्षणी मी पदर थोडा पुढे ओढते. ते आईचं आहे, मी ठरवून शिकलेलं नाही. हात आपोआप वर जातो आणि मन त्याच्या मागोमाग जागेवर येतं. कुणाला हे गुडघे टेकून होतं, कुणाला डोळे मिटून. पदराशिवाय माझ्याहून खोल प्रार्थना करणाऱ्या बायका माझ्याच बाकावर बसतात, त्यांच्या डोक्याकडे बघून मी कधी काही मापलेलं नाही, तूही मापू नकोस.

अलीकडे तरुण मुली मोबाइलवर पाहून लेसचे वेल मागवतात, 'लग्न झालेल्यांनी काळा, कुमारिकांनी पांढरा' हेही विचारतात. ही स्पेनकडची लोकरीत आहे, नियम नाही. हौसेनं आणि श्रद्धेनं घेतला तर सुंदर दिसतो, पण तुझ्या अंगावर ओढणी असताना तो विकत आणायलाच हवा असं काही नाही. मदर तेरेसांनी १९४८मध्ये निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसली आणि तिचाच पदर डोक्यावर घेतला. तोच पुढे जगभर त्यांच्या सिस्टरांची खूण झाला. कल्याण-डोंबिवलीकडच्या सिरो-मलबार (केरळी कॅथलिकांच्या) चर्चमध्ये कधी गेलीस तर बघ, नोकरी करणाऱ्या मुली आत शिरताना सहज ओढणी डोक्यावर घेतात, बाहेर पडताना खांद्यावर सोडतात, आणि कुणी त्याकडे वळूनही बघत नाही.

सासूबाईंशी बोलायचं तर नियमापासून सुरुवात करू नकोस. 'आई, रोमनं आता सक्ती काढलीय' असं म्हणालीस तर त्यांना ते वाद घातल्यासारखं वाटेल, आणि त्यांच्या उत्तरातून तुला काहीच मिळणार नाही. त्याऐवजी स्वयंपाकघरात निवांत असताना विचार, तुम्हाला पदर घ्यायला कुणी शिकवलं? मी पैज लावून सांगते, आईचं किंवा आजीचं नाव निघेल आणि अर्धा तास जाईल. त्यानंतर घ्यायचा की नाही ते तू ठरव. नाही घ्यायचा ठरलं तर तेही त्यांना सरळ, प्रेमानं सांग. रोज पायरीवर ती नजर सोसत बसण्यापेक्षा ते बरं.

आणि घेऊन बघावासा वाटला तर पहिल्यांदा मोठ्या रविवारच्या गर्दीत नको. सकाळच्या साध्या मिस्सेला जा किंवा पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला (वेदीवर ठेवलेल्या ख्रिस्तप्रसादापुढच्या प्रार्थनेला), जिथं दहा-बारा माणसं असतात. ओढणी सुती घे, जॉर्जेटची सारखी घसरते आणि सगळं लक्ष तिच्यातच जातं. कपाळापासून चार बोटं मागे ठेव, कानामागे एकेक काळी पिन लाव. एक जास्तीचा स्वच्छ रुमाल मात्र पिशवीत असू दे.