हेवीचं लायसन २० ऐवजी १८व्या वर्षी द्यावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: ब्रिटनमध्ये १८व्या वर्षी मोठा ट्रक चालवता येतो, मग आपल्याकडं २० कशाला? ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून मालक बोंबलतायत, तर वय खाली आणलं तर काय बिघडलं? आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की धाकट्या भावाला नुकतीच १८ पूर्ण झालीत आणि त्याला गाडीवरच जायचंय.

मी जालन्याचा. अकरा वर्षं स्टेअरिंगवर काढली, आता स्वतःच्या दोन गाड्या आहेत, एमआयडीसीतून सळई भरतात. नुसता स्वार्थ बघितला तर वय कमी झालेलं मला चालेल. १८ वर्षांचं पोरगं कमी पगारात येतं, पाठीमागं बायकोपोरं नसतात, दिवाळीला सुट्टी मागत नाही. तरी सांगतो, एकट्याच्या हातात १८व्या वर्षी गाडी देऊ नये. शेजारी उस्ताद, म्हणजे मुरलेला ड्रायव्हर, बसणार असेल तर मात्र माझी काही हरकत नाही.

आधी कायद्याचं बघू, कारण यात लोकांचा घोळ होतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ४ प्रमाणं साधी गाडी १८ला, आणि परिवहन वाहन, म्हणजे माल किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी, २०ला. म्हणजे कलमाच्या शब्दांत २०ची अट फक्त मोठ्या ट्रकला नाही, भाड्यानं माल नेणाऱ्या छोट्या टेम्पोलाही आहे. त्यावर आणखी एक पायरी: परिवहन वाहनाचं शिकाऊ लायसन काढायच्या आधी हलक्या वाहनाचं लायसन किमान १ वर्ष हातात पाहिजे. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४मध्ये निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर ७,५०० किलोपर्यंतचं परिवहन वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. तो ऐकून आमच्याकडं बऱ्याच पोरांना वाटलं की आता सगळंच मोकळं झालं. तसं नाही. तो निकाल ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्यांबद्दल आहे, त्यावरच्या गाडीला कलम ४ मधलं २० जागच्या जागी आहे. आठवी पासची अट होती ती मात्र २०१९ला निघाली.

आता मी असं का म्हणतो ते सांगतो. २००१ची गोष्ट. मी १९ वर्षांचा, दहा टायरीवर किन्नर. (क्लीनरला आमच्याकडं किन्नर म्हणतात, बाहेरच्यांनी गैरसमज करून घेऊ नये.) सोलापूरहून सिमेंट भरून जालन्याकडं निघालो होतो. येरमाळ्याला चहा झाला आणि उस्तादांनी स्टेअरिंग माझ्याकडं दिलं. लायसन नव्हतं, वय नव्हतं, पण तेव्हा असंच शिकायचे. मागच्या फळीवर आडवं होताना ते एवढंच म्हणाले, "मांजरसुंबा आलं की उठव." मी उठवलं नाही. सपाट रस्त्यावर चौसाळ्यापर्यंत गाडी लोण्यासारखी आली होती, मला वाटलं येतंय की आपल्याला.

बीडकडं जाताना मांजरसुंब्याच्या पुढं बालाघाटाचा डोंगर उतरायचा असतो. मी वरच्या गिअरमध्येच उतरायला लागलो, पाय ब्रेकवर. पहिल्या दोन वळणांना काही कळलं नाही. मग वास आला. ब्रेकचे लायनर जळतानाचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही, भाजलेल्या केसांसारखा, कडवट. ब्रेकच्या हवेचा काटा खाली यायला लागला, कारण मी सारखा दाबत होतो, सोडत होतो, टाकीत हवा भरायला वेळच देत नव्हतो. पाय तळाला टेकला तरी गाडी आवरेना.

उस्ताद वासानंच उठले. ओरडले नाहीत. पुढं सरकून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाय काढ. क्लच मार, न्यूट्रल. रेस दे. आता परत क्लच, खालचा टाक." ब्रेकवरनं पाय काढ हे त्या क्षणी कुणी सांगितलं तर आपण काढत नाही. मी काढला, कारण खांद्यावर त्यांचा हात होता. गिअर करकरत पडला, इंजिन बैलासारखं हंबरलं, आणि गाडी अडली. आणखी एक गिअर खाली. मग रांगत रांगत खाली आलो.

पायथ्याला बाजूला घेतली तर मागच्या चाकांतून धूर. मी पाण्याचा कॅन घेऊन पळालो. उस्तादांनी मनगट धरलं. "पाणी टाकशील तर ड्रम तडकल. बस इथं." तासभर बसलो. त्या तासात त्यांनी एकच वाक्य सांगितलं, जे मी आजही माझ्या ड्रायव्हरला सांगतो: ज्या गिअरमध्ये घाट चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर.

१९ वर्षांच्या पोराला गाडी येत नाही असं कुणी म्हणत नाही. हात तर १९ला जास्तच साफ असतो. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी ही दोन वेगळी जनावरं आहेत, हे पुस्तकातनं कळत नाही, आणि ते कळेपर्यंत शेजारी कुणीतरी लागतं. आपल्या नियमांत ड्रायव्हिंग स्कूलला हेवीसाठी ३० दिवस आणि प्रत्यक्ष चालवायचे किमान १५ तास आहेत. २०२१पासून मान्यताप्राप्त केंद्रांसाठी नवा अभ्यासक्रम आला, ६ आठवडे, ३८ तास. चांगलं आहे. पण शाळेची गाडी रिकामी असते. टेस्ट सपाट मैदानात होते. माझ्या माहितीतल्या निम्म्या पोरांनी फॉर्म ५चं प्रमाणपत्र, म्हणजे शिक्षण पूर्ण झालं असा शाळेचा दाखला, चार दिवस जाऊन मिळवलंय, पुढचं मी लिहीत नाही.

पूर्वी ही कसर किन्नरकी भरून काढायची. १६-१७ला पोरगं गाडीवर चढायचं. दोन-तीन वर्षं टायर ठोकणं, ताडपत्री बांधणं, मागं घेताना आवाज देणं, रात्री उस्तादाला जागं ठेवायला गप्पा मारणं. त्यात मारही खायचं, पगार नावाला. मी त्याचं गुणगान करत नाही, लेकरांचं बालपण त्यात गेलंय. पण २०व्या वर्षी लायसन हातात यायचं तेव्हा त्यानं शंभर घाट बघितलेले असायचे. आता किन्नर संपला. ट्यूबलेस टायर आले, पॉवर स्टेअरिंग आलं, टोलवर उतरायची गरज राहिली नाही, आणि मालकाला एक पगार वाचवायचा असतो. मीसुद्धा २०१९पासून किन्नर ठेवत नाही, परवडत नाही म्हणून. म्हणजे पायरी आम्हीच काढली, आणि आता मालक म्हणतायत की दारही खाली घ्या.

आता तुमच्या ब्रिटनचं. २००९च्या सप्टेंबरात त्यांनी मोठ्या ट्रकचं वय २१वरून १८वर आणलं हे खरं. पण त्याच वेळी धंदेवाईक ड्रायव्हरची वेगळी पात्रता परीक्षा लावली. त्यात लेखी आहे, प्रसंगावर प्रश्न आहेत, चालवणं आहे, शिवाय माल कसा बांधायचा, गाडी कशी तपासायची ते करून दाखवावं लागतं. आणि ती एकदा देऊन सुटका नाही, दर ५ वर्षांत ३५ तास प्रशिक्षण. गाडीत तास मोजणारं यंत्र असतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं, दिवसाला साधारण ९ तास. अमेरिकेत तर एका राज्यातून दुसऱ्यात माल न्यायला अजून २१च लागतात. १८ ते २०च्या पोरांसाठी २०२१च्या कायद्यानं त्यांनी एक प्रयोग काढला, त्यात आधी १२० तास आणि मग २८० तास अनुभवी ड्रायव्हर शेजारी बसवून. बघा, तिथंही उस्तादच आला.

आपल्याकडं २०२५पर्यंत लागू असलेल्या १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तासच लिहिलेले होते. जालना ते चेन्नई गाडी ८ तासांच्या हिशेबानं चालवणारा एक मालक मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो.

आणि तुटवडा? तो वयामुळं नाही हो. लायसन असलेली २२-२५ची पोरं आमच्या गल्लीतच आहेत. एक पुण्यात कंपनीची कॅब चालवतो, दुसरा पार्सल वाटतो, तिसऱ्यानं हेवीचं लायसन पाकिटात ठेवून पानटपरी टाकलीय. विचारलं तर म्हणतो, "भाऊ, ड्रायव्हर म्हटलं की पोरगी देत नाहीत." हे हसण्यावारी न्यायचं नाही. महिना-महिना घर नाही, कुठं ठोकर झाली की चूक कुणाची हे बघायच्या आधी जमाव ड्रायव्हरला तुडवतो. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळाल्यास १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कलम घातलं म्हणून जानेवारी २०२४च्या सुरुवातीला देशभर गाड्या थांबल्या होत्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आठवत असेल. त्या संपात ड्रायव्हरांच्या तोंडी एकच होतं: थांबलो तर मारतात, पळालो तर जेल. नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा व्हायलासुद्धा ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. उन्हाळ्यात परभणी-नांदेडच्या बाजूला दुपारी इंजिनशेजारी बसून बघा म्हणजे कळेल. वय १८ केलं तर दोन वर्षं आधी पोरं येतील, आणि दोन वर्षं आधीच सोडून जातील.

खरं तर आपल्या मराठवाड्यात हा प्रयोग कधीच सुरू झालाय, फक्त त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. दिवाळीनंतर ऊस सुरू झाला की माजलगाव, गेवराई, अंबड, कुठल्याही रस्त्याला रात्री उभे राहा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वीसेक टन ऊस, मागं रिफ्लेक्टर नाही, गाणी फुल्ल, आणि वर मिसरूड न फुटलेलं पोरगं. शेतीचा ट्रॅक्टर म्हणून तो परिवहन वाहनात धरत नाहीत, त्यामुळं २०चा प्रश्नच येत नाही, आणि १८चंही कुणी विचारत नाही. चढाला पुढची चाकं उचलतात त्याची. गेल्या हंगामात माझा ड्रायव्हर अंधारात उभ्या ट्रॉलीवर जाता जाता वाचला. खाली उतरून बघितलं तर पोरगं ट्रॉलीखाली झोपलेलं, पंक्चर झालं म्हणून. वय विचारलं तर म्हणालं, सतरा. ज्यांना वयाच्या कायद्यात हात घालायचाय त्यांनी आधी इथं घालावा.

आता तुमच्या भावाचं. त्याला कुणी "२० कोण बघतंय, चल" म्हणून गाडी देत असेल तर जाऊ देऊ नका. पकडलं तर त्याला ५,००० दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत जेल, गाडी देणाऱ्या मालकालाही तसंच. पण दंड ही किरकोळ गोष्ट. लायसन नसताना कुणाला लागलं तर विमा कंपनी आधी पैसे भरते आणि मग मालकाकडून वसूल करते. माझ्या ओळखीतल्या एकानं अशा वसुलीत दोन एकर विकलंय.

त्यापेक्षा त्याला आत्ता हलक्या वाहनाचं लायसन काढायला लावा. एक वर्ष गावात कार चालवू द्या, घरची असेल तर, भाड्याची नको. सोबत एखाद्या म्हाताऱ्या उस्तादाच्या गाडीवर किन्नर म्हणून चढवा. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, पण डोळे उघडे ठेवायचे. असे उस्ताद कमी राहिलेत, तरी ट्रान्सपोर्ट नगरात चौकशी केली तर सापडतात. पैसे मिळणार नाहीत फारसे. २० झाले की हेवीचं शिकाऊ, मग फॉर्म ५, आणि शाळा निवडताना फक्त एक विचारा, भरलेली गाडी चालवायला देता का. नाही म्हणाले तर पुढची शाळा बघा.

आणि गाडीवर पाठवताना त्याला एक चांगली बॅटरी घेऊन द्या. मोबाईलच्या उजेडात आतल्या बाजूचा टायर दिसत नाही.